बावीस कॉलेजांची वही

दिवाळीत नागपूरला महाल भागातल्या घरी गेले तेव्हा मावसभाऊ वही घेऊन आला. बारावी कॉमर्स. वहीत बावीस कॉलेजं लिहिलेली. "ताई, इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी सगळे हेच फॉर्म भरून राहिले. मी कोणते भरू?"

आधी काम समजून घे, म्हटलं. नागपूर आणि दिल्लीच्या हल्दीराम घराण्यांनी आपला स्नॅक्सचा धंदा एकत्र केला, 2025 मध्ये सिंगापूर सरकारची गुंतवणूक कंपनी टेमासेकने त्यात हिस्सा घेतला. अशा व्यवहारात धंद्याची किंमत काढायची, अटी ठरवायच्या, कागद तयार करायचे, हे इन्व्हेस्टमेंट बँकरचं काम. आयपीओ आणणं, म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदा लोकांना विकायला काढणं, हेही त्यातलंच. मुंबईत मी हेच करते.

त्याच्याकडे गणित आहे, हे ऐकून मला बरं वाटलं. अकरावीत माझ्या क्लासमधल्या सरांनी सांगितलं होतं, गणित सोड, त्याऐवजी एस. पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घे, टक्के वाढतील. टक्के वाढले, पण दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सचं दार बंद झालं, कारण तिथे बारावीला गणित लागतंच. घरात कुणी दहावीत असेल तर त्याला हे आजच सांगा.

आता वही. प्रत्येक कॉलेजपुढे एकच प्रश्न लिहायचा: इथून मुलं कोणत्या कामावर जातात? "अमुक परदेशी बँक येते" एवढ्यावर विसंबू नका. त्याच बँकेत सेटलमेंट (झालेले व्यवहार पुरे करणं), केवायसी (ग्राहकाची कागदपत्रं तपासणं), रिपोर्टिंगची कामंही असतात. ती कामं चांगली आहेत, पण तिथून डील टीममध्ये, म्हणजे वर सांगितलेले व्यवहार करणाऱ्यांत, येणं फार कठीण जातं. सर्वांत मोठं पॅकेज बघू नका. मधला पगार (मीडियन, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याहून जास्त मिळतो तो) बघा, बॅचमध्ये मुलं किती आणि फायनान्समध्ये गेली किती ते बघा. मग लिंक्डइनवर कॉलेजचं नाव टाकून मागच्या तीन बॅचेसची मुलं शोधा आणि ज्यांच्या नावापुढे इन्व्हेस्टमेंट बँकिंग ॲनालिस्ट आहे ती मोजा. आम्ही दोघांनी एका संध्याकाळी हे केलं आणि बावीसची सात झाली. जाहिरातीत हाच शब्द मिरवणारी तीन कॉलेजं सगळ्यात आधी गळाली.

उरलेल्यांत दिल्लीचं श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स सीयूईटीतून, मुंबईचं एनएमआयएमएस (नरसी मोनजी इन्स्टिट्यूट) एनपॅटमधून आणि आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आयपीमॅटमधून. तिन्ही परीक्षा वेगळ्या, म्हणून तारखा आधी भिंतीवर लावायच्या.

नागपुरातच राहायचं असेल तरी वाट आहे. मी इथेच बी.कॉम. केलं, सोबत सी.ए.ही. आर्टिकलशिपला, म्हणजे सी.ए.च्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला, मात्र मुंबईला गेले आणि मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद हाताळले. मुलाखतीत सगळे प्रश्न त्यावरच आले. आता आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली आहे, तेवढ्यासाठी तरी गाव सोडा.

एमबीएची वाट धरणाऱ्यांनी अहमदाबाद, बंगळुरू, कोलकात्याची आयआयएम, दिल्ली विद्यापीठाचं एफएमएस आणि चर्चगेटचं जमनालाल बजाज नजरेत ठेवावं. यांतली काही आयआयएम मुलं निवडताना दहावी-बारावीचे गुणही धरतात, त्यामुळे आत्ताचे टक्के पुढे कामी येतात. आपलं नागपूरचं आयआयएम 2015 चं, विमानतळाजवळच्या मिहानमध्ये आहे. घरापासून जवळ म्हणून ते यादीत पहिलं नको. त्याचा प्लेसमेंट अहवालही इतरांसारखाच तपासा.

फीचं मावशीला विचारायची वेळ आली तेव्हा मावसभाऊ घुटमळला. मीच कागदावर मांडलं: फी, हॉस्टेल, प्रवास, शैक्षणिक कर्जाचा हप्ता, आणि समोर त्या कॉलेजचा मधला पगार. मावशीने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि सातातली दोन कॉलेजं स्वतः पेन्सिलीने खोडली.