लाईट आल्यावर लॉगरने आधी काय तपासावं?

"भो, चेंबरात केळी शिजली का काय?" सावद्याच्या एका रायपनिंग चेंबरवाल्याचा (केळी पिकवायच्या खोलीच्या मालकाचा) सकाळी साडेसहाला फोन. लॉगरच्या, म्हणजे ठरावीक वेळाने तापमान लिहून ठेवणाऱ्या यंत्राच्या, नोंदीत पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी तापमान होतं ८५ अंश. खोली तर १७ अंशांवर गारच. लॉगर मीच जोडून दिलेला, त्यामुळे बोलणीही मीच खाल्ली.

झालं होतं एवढंच की रात्री लाईट जाऊन आली. डीएस१८बी२० या तापमान मोजणाऱ्या सेन्सरला वीज मिळाली की पहिलं माप पूर्ण होईपर्यंत तो ८५ हाच आकडा धरून बसतो. माझा प्रोग्रॅम घाईत होता, त्याने तो उचलून लिहून टाकला. तेव्हापासून अर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर) लॉगर बनवताना सगळ्यात जास्त वेळ मी चालू होण्याच्या पहिल्या दहा सेकंदांवर घालवतो.

१. दिवा आणि बझर आधी. पुढे काही बिघाड सापडला तर तो सांगणार कोण? म्हणून दिवा एकदा लावून, बझर एकदा वाजवून बघा.

२. बंद का पडलो, ते विचारा. वीज गेली, विजेचा दाब खाली आला, की प्रोग्रॅम अडकला म्हणून वॉचडॉगने (अडकलेला प्रोग्रॅम पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरने) उठवलं, याची खूण बोर्डावरच्या मुख्य चिपच्या, मायक्रोकंट्रोलरच्या, एका रजिस्टरमध्ये (छोट्या कप्प्यात) असते. ती सुरुवातीलाच वाचून बाजूला ठेवा.

३. थोडं थांबा. आपल्याकडे लाईट येते ती एकदाच येत नाही. येते, जाते, पुन्हा येते आणि मग कॉम्प्रेसर विजेचा दाब खाली ओढतो. चार-पाच सेकंद कुठेही काही लिहू नका. अर्धवट लिहिलेलं मेमरी कार्ड दुरुस्त करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

४. घड्याळ. डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपमध्ये 'मी मध्ये थांबलो होतो' असं सांगणारी एक खूण असते. ती उठलेली दिसली तर वेळेवर विश्वास नको. बहुतेक वेळा घड्याळाचा सीआर२०३२ हा बटण सेल संपलेला असतो. नोंदी चालू ठेवा, पण प्रत्येकीपुढे 'वेळ संशयास्पद' असा शेरा जाऊ द्या.

५. सेन्सर. माप घ्यायला सांगा, पूर्ण बारीकीचं माप हवं असेल तर ७५० मिलिसेकंद थांबा, मगच वाचा. सीआरसी (माहिती वाटेत बिघडली नाही ना, हे ताडायचा आकडा) जुळला म्हणून ८५ खरा मानू नका. तो आकडा सेन्सरने खरोखरच पाठवलेला असतो, त्यामुळे सीआरसी जुळतोच. पुन्हा मागा. पुन्हा ८५च आला तर सेन्सरला वीज नीट पोचत नाही, वायर बघा. नेहमीच्या लायब्ररीत (सेन्सर वाचायच्या तयार कोडमध्ये) उणे १२७ आला तर सेन्सरची जोडणी तुटली समजा. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा ६४ बिटांचा क्रमांक असतो, तोही सेटिंगमधल्या क्रमांकाशी ताडून घ्या. नाहीतर दाराजवळचा सेन्सर मागच्या भिंतीचा म्हणून मिरवतो.

६. कार्ड. 'कार्ड सापडलं' एवढ्यावर समाधान मानू नका. छोटी फाइल लिहा, परत वाचा, पुसा आणि शिल्लक जागा बघा.

७. सेटिंग. खरी गोम इथे आहे. किती वेळाने नोंद करायची, कुठल्या तापमानाला बोंब मारायची, हे ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, साठवलेलं असतं. पुसलेल्या ईईप्रॉममधला प्रत्येक बाइट २५५ वाचला जातो. दोन बाइटमध्ये सेकंद ठेवले असतील तर आकडा येतो ६५,५३५. म्हणजे दोन नोंदींमध्ये १८ तास १२ मिनिटं! यंत्र चालू, दिवा हिरवा आणि नोंदवही कोरी.

म्हणून सेटिंगच्या दोन प्रती ठेवा. प्रत्येकीत अनुक्रमांक, आवृत्ती आणि सीआरसी हवा. वाचताना आधी सीआरसी, मग आवृत्ती, मग आकड्यांचा अर्थ तपासा: नोंदीचं अंतर शून्य नाही ना, खालची मर्यादा वरच्यापेक्षा कमी आहे ना. दोन्ही प्रती चांगल्या असतील तर मोठ्या अनुक्रमांकाची घ्या. सेटिंग बदलताना जुनी प्रत पुसून तिथे नवी लिहा, चालू प्रतीला हात लावू नका. मध्येच लाईट गेली तरी एक प्रत शाबूत राहते.

दोन्ही खराब निघाल्या तर? प्रोग्रॅममधल्या मूळ सेटिंगवर गुपचूप जाऊ नका. लसींच्या फ्रिजसाठी लिहिलेली २ ते ८ अंशांची मर्यादा केळीच्या खोलीत लागू झाली, तर १७ अंशांना यंत्र रात्रभर ओरडेल आणि ७ अंशांना गप्प बसेल. केळीला १३ अंशांखाली गारठा बाधतो, साल काळपट पडते. मूळ सेटिंग वापरा, पण लाल दिवा लावून, आणि तसा शेरा मारून.

८. मगच पहिली नोंद. चालू झाल्याची वेळ, बंद पडण्याचं कारण, प्रत्येक तपासणीचा निकाल आणि वापरलेल्या सेटिंगचा अनुक्रमांक. तापमान त्यानंतर.

कुठे थांबायचं हेही ठरवा. सेन्सर नसेल तर त्या जागी रिकामं लिहा, आधीचा आकडा पुढे ढकलू नका. कार्ड नसेल तर बझर वाजवत राहा.

आता टेबलावर छळा त्याला. सेन्सर उपटा, सेल काढा, कार्ड काढा. सेटिंग जतन होत असताना प्लग ओढा, निदान वीस वेळा, दर वेळी थोड्या वेगळ्या क्षणी. माझा सुधारलेला लॉगर सतराव्या ओढणीला अडकला होता. नवी प्रत नीट लिहिली गेली की नाही हे पडताळण्याआधीच मी तिला नवा अनुक्रमांक देत होतो.