तुमच्या फँटसी गेमच्या कोअर रूलबुकात कुठले मॉन्स्टर घ्यायचे आणि कुठले सोडायचे

स्वतःचा फँटसी रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ, लिहायला घेतला की नियम जेमतेम अर्धे होतात तोवर मॉन्स्टरची यादी दोनशेच्या घरात गेलेली असते. ड्रॅगन हवाच, गोब्लिन हवाच, मग मिनोटॉर, हार्पी, मँटिकोर, कायमेरा, एकेक आठवत जातं आणि सगळेच क्लासिक, सोडवत कुणालाच नाही. ती यादी फाडू नका पण बाजूला ठेवा. आधी प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहा: हा समोर आला की प्लेअरला आत्तापर्यंत करत होता त्यापेक्षा वेगळं काय करावं लागेल? उत्तर 'जास्त वेळ मारत बसावं लागेल' असं असेल तर ते नाव पुढच्या पुस्तकात टाका.

या प्रश्नावर ट्रोल पहिल्या फटक्यात पास होतो. कितीही मारा, जखमा आपोआप भरतात, आग नाहीतर ॲसिड लागतं. म्हणजे पार्टीला (प्लेअरांच्या पात्रांच्या टोळीला) एकतर आधी चौकशी करावी लागते नाहीतर पळून जाऊन तयारी करून परत यावं लागतं, आणि पळणं हा पण एक पर्याय आहे हे नवीन प्लेअरला कळायला ट्रोलसारखा मास्तर नाही. जुने खेळाडू म्हणतील हे तर सगळ्यांना माहितीये, पण कोअर बुक, म्हणजे नियमांचं मूळ पुस्तक, त्यांच्यासाठी नसतंच मुळी. सांगाड्याचं तसंच, हाडांवर बाण फारसा चालत नाही, गदा चालते, इतकं साधं पण पहिल्याच सेशनला हत्यार बदलायला लावतं. वेअरवूल्फ आला की चांदी शोधायला लागते. लोखंड गंजवून टाकणारा रस्ट मॉन्स्टर तर माझा लाडका, कारण तो आला की चिलखतवाला फायटर सगळ्यात मागे जातो आणि इतका वेळ मागे लपलेला विझार्ड पुढे येतो, एका जनावराने अख्ख्या पार्टीची रांग उलटी होते.

हा रस्ट मॉन्स्टर आणि आऊलबेअर (अर्धा घुबड, अर्धा अस्वल), दोघंही डंजन्स अँड ड्रॅगन्स या गाजलेल्या गेमच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने आणलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरून आलेत. त्यामुळे पुराणकथेत, लोककथेत असलेलाच मॉन्स्टर खरा क्लासिक असं काही नाही.

जिलेटिनस क्यूब, म्हणजे जेलीचा चालता ठोकळा, याच्याबद्दल मात्र थोडं थांबून विचार करा. तो दहा फुटांचा चौकोनी ठोकळा का आहे? कारण जुने डंजन, म्हणजे खेळातली तळघरं-भुयारं, ग्राफ पेपरवर काढायचे, एक चौकोन दहा फुटांचा, कॉरिडॉर तेवढाच रुंद आणि हा त्यात बरोब्बर बसतो. तो त्या नकाशासाठीच जन्मलाय. तुमचा गेम जंगलात, समुद्रावर नाहीतर दरबारात चालणार असेल तर क्यूबचं काय काम? पेटीचं सोंग घेणाऱ्या मिमिकचंही तेच, जिथे पेट्या उघडणं हाच धंदा आहे तिथेच तो शोभतो. आधी आपल्या गेममध्ये लोक बहुतेक वेळ काय करणार ते ठरवा, मग मॉन्स्टर.

आता डुप्लिकेट काढा, इथेच सगळ्यात जास्त जागा वाचते. मेड्युसा, बॅसिलिस्क, कॉकट्रिस तिघंही दगड करतात, तिघं कशाला? मी मेड्युसा ठेवीन कारण तिच्याशी बोलता येतं, सौदा करता येतो. छोट्या टोळ्यांचं तर अजूनच गमतीशीर आहे, जुन्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये कोबोल्ड, गोब्लिन, ऑर्क, हॉबगोब्लिन, नोल, बगबेअर ही सरळ एक शिडी होती, प्रत्येकाचे हिट डाइस (किती मार सोसेल ते ठरवणारे फासे) आधीच्यापेक्षा थोडे जास्त, बाकी फरक कमीच. तुम्हाला सहा पायऱ्या लागत नाहीत, दोन पुरतात: एक चलाख, सापळे लावणारा, संख्येवर जिंकणारा, आणि एक शिस्तीचा, सैनिकासारखा. नाव काहीही द्या.

भुताखेतांत पण असंच. सांगाडा, मढी खाणारा घूल, एखादं अंगातून आरपार जाणारं भूत, वर लिच, म्हणजे मरूनही न संपलेला जादूगार, एवढं बस झालं. व्हॅम्पायर घ्यायचा तर पूर्ण घ्या, कमजोऱ्या, नोकर, घर सगळं. अर्ध्या पानाचा व्हॅम्पायर म्हणजे नुसता दात असलेला माणूस. मला विचाराल तर जागा नसेल तेव्हा त्याला सोडा आणि लिच ठेवा, कारण लिचचा जीव दुसऱ्याच वस्तूत लपवलेला असतो आणि ती वस्तू शोधण्यातच कॅम्पेनचे (अनेक बैठकी चालणाऱ्या गोष्टीचे) कितीतरी सेशन जातात.

ड्रॅगनवर कंजुषी नको, पण दहा रंगांचे दहा स्टॅट ब्लॉक (ताकदीच्या आकड्यांचे तक्ते) पण नकोत. एकच ड्रॅगन नीट लिहा, पिल्लू, तरुण, म्हातारा अशा तीन वयांत, आणि त्याला काय हवंय, तो कुठे झोपतो, पार्टीचं कुठलं बोलणं ऐकून घेईल हे लिहा. दोन-तीन पानं गेली तरी चालतील.

आणि सगळे विसरतात ते म्हणजे माणसं आणि जनावरं! लुटारू, पहारेकरी, पंथाचा वेडा पुजारी, लांडगा, अस्वल, मोठा कोळी. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, प्रत्यक्षात हेच रोज लागतात, दारूच्या गुत्त्यात मारामारी झाली की कुणी कायमेरा शोधत नाही. यांची पानं आधी लिहा.

कायद्याचं पण बघून घ्या बरं का. बिहोल्डर, माइंड फ्लेअर, डिस्प्लेसर बीस्ट हे कितीही जुने वाटले तरी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या कंपनीने स्वतःकडे राखून ठेवलेत, ते तसेच्या तसे उचलायचे नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये त्याच गेमच्या पाचव्या एडिशनचा एसआरडी ५.१ (इतरांना वापरायला दिलेला नियमांचा संच) क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सखाली आला, त्यात आऊलबेअर, रस्ट मॉन्स्टर, जिलेटिनस क्यूब आहेत, श्रेय देऊन वापरता येतात. ग्रीक कथांमधलं, लोककथांमधलं तर कुणाच्याच मालकीचं नाही, फक्त वर्णन स्वतःचं लिहा. खुद्द डंजन्स अँड ड्रॅगन्सला सुरुवातीला हॉबिट आणि एंट ही नावं काढून हाफलिंग आणि ट्रीअंट करावी लागली होती, तेव्हा नाव बदलण्यात कमीपणा काही नाही.

किती ठेवायचे म्हणाल तर नियम आणि मॉन्स्टर एकाच पुस्तकात असतील तर तीस-चाळीसच्या आसपास थांबा. डंजन्स अँड ड्रॅगन्सचं १९७७ चं मॉन्स्टर मॅन्युअल ११२ पानांचं होतं, पण ते वेगळं पुस्तक होतं, तुमच्याकडे तेवढी पानं नाहीत. मग प्लेटेस्टला, म्हणजे खेळून तपासायला, ही यादी अशा डीएमकडे द्या ज्याने तुमचा गेम लिहिलेला नाही, आणि काही सेशननंतर बघा त्याने कुठलं पान उघडलंच नाही. ते पान काढा. आणि जिथे त्याने स्वतःहून काहीतरी बनवून वेळ मारून नेली, ते लिहायला घ्या.