स्टेडियमजवळ घर घेताय? सामना सुटताना तिथे जाऊन उभे राहा

स्टेडियमशेजारच्या घरात मी अकरा वर्षं राहिले आणि मग ते विकलं. घेताना जे पाहायला हवं होतं, ते विकताना घर बघायला आलेल्यांच्या प्रश्नांमधून कळलं. तेच इथे सांगते.

सगळ्यात आधी, सामना संपायच्या अर्धा तास आधी त्या घराच्या फाटकाशी जाऊन थांबा. गर्दी कुठून येते, कुठे वळते, रस्ता किती मिनिटांत मोकळा होतो, हे घड्याळ लावून पाहा. आमच्या गल्लीला चाळीस मिनिटं लागायची. मागच्या गल्लीत मात्र चिटपाखरू नसायचं, कारण स्टेशनचा रस्ता आमच्या दारावरून जायचा. नकाशावर दोन्ही घरं स्टेडियमपासून सारख्याच अंतरावर, पण मागच्या गल्लीला भाव जास्त मिळाला. म्हणून ‘स्टेडियमपासून अमुक मीटर’ एवढ्यावर जाऊ नका. कोणतं गेट, कोणता रस्ता, ते विचारा.

रात्रीचा सामना असेल तर बेडरूममधला दिवा बंद करून बघा. आमच्याकडे फ्लडलाइट लागले की समोरच्या भिंतीवर खिडकीच्या गजांची सावली उमटायची, अगदी एकेक गज मोजता येईल अशी. गोल झाला की तावदान थरथरायचं. जाड काचा आणि पडदे लावता येतात, पण तो खर्च घासाघीस करतानाच भावातून वजा करून घ्या.

मग वेळापत्रक काढा. खेळाप्रमाणे हिशेब पार बदलतो. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एका संघाचे नियमित हंगामात साधारण ८१ सामने घरच्या मैदानावर असतात, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये १९, तर अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल स्पर्धेत जेमतेम ८-९. सामने कमी म्हणजे त्रास कमी, हे खरं. पण मग उरलेले दिवस तिथे काय असतं? नुसतं ओसाड पार्किंग असेल तर शेजारच्या दुकानांना त्याचा उपयोग नाही आणि संध्याकाळी तिथून चालत यायला नको वाटतं. गाण्याचे कार्यक्रम किती होतात, तेही विचारा. आम्हाला सामन्यांपेक्षा त्यांचाच आवाज जास्त लागायचा.

आता भावाकडे वळू. इथे लोक हमखास एक चूक करतात. स्टेडियमजवळची घरं स्वस्त दिसली की दोष स्टेडियमला देतात. अमेरिकेत मेरीलँडमधलं, पूर्वी फेडेक्स फील्ड नावाने ओळखलं जाणारं स्टेडियम १९९७ साली सुरू झालं. त्याच्या आसपासच्या घरांच्या अभ्यासात दिसलं की तो भाग आधीपासूनच स्वस्त होता, आणि स्टेडियम आल्यावर ती तफावत उलट कमी झाली. म्हणून जुने खरेदी-विक्रीचे व्यवहार काढा आणि घोषणेपूर्वीचे, बांधकाम चालू असतानाचे आणि सुरू झाल्यानंतरचे वेगवेगळे मांडा. दुसऱ्या भागातली तशीच घरं बाजूला ठेवून ताडून पाहा, नाहीतर सगळ्या बाजाराचीच चढ तुम्ही स्टेडियमच्या नावावर मांडाल.

घोषणेच्या भरात बयाणा देऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. अमेरिकेतल्या डॅलस शहरात फेअर पार्कजवळ स्टेडियम होणार म्हटल्यावर तिथले भाव चढले आणि बेत रद्द होताच उतरले. पुढे ते स्टेडियम शेजारच्या आर्लिंग्टनमध्ये ठरलं, तर तिथे बांधकामाआधीच घरांच्या किमती सरासरी सुमारे दीड टक्क्याने घटल्या. स्टेडियमसाठी घरटी जो विक्रीकराचा बोजा पडणार होता, जवळपास तेवढीच ही घट होती. तेव्हा पैसे कोण भरतंय, कररूपाने तुमच्याकडून वसूल होणार आहेत का, हे आधी शोधा.

संघ निघून जाईल, ही भीतीही तपासून घ्या. अमेरिकेतल्या सिएटलचा सुपरसॉनिक्स हा बास्केटबॉल संघ २००८ मध्ये शहर सोडून गेला, शार्लटचा हॉर्नेट्स २००२ मध्ये. दोन्हीकडे जुन्या अरीनाजवळच्या, म्हणजे बंदिस्त स्टेडियमजवळच्या, घरांचे भाव नंतर वाढल्याचं एका अभ्यासात आढळलं. शेजाऱ्यांना गर्दी आणि कोंडीचा त्रास त्या संघाच्या फायद्याहून जड होत होता, असाच त्याचा अर्थ मला लागतो.

शेवटी, गल्लीत सर्वात जुनं बिऱ्हाड कोणाचं आहे ते शोधा आणि त्यांना दोनच गोष्टी विचारा: सामन्याच्या दिवशी तुमची गाडी कुठे असते, आणि रात्री कोणी आजारी पडलं तर ॲम्ब्युलन्स दारापर्यंत येते का?