रोपवेच्या सेन्सरवर अविश्वास दाखवण्याआधी

टॉवर सहावर दोर जागेवरून सरकल्याचा फॉल्ट आठवडाभरात चौथ्यांदा आला, तेव्हा मला नोकरीला लागून चारच महिने झाले होते. पहिल्या दोन वेळा मी रीसेट केलं आणि रोपवे चालू झाला. तिसऱ्या वेळी सेन्सरच बदलून टाकला. चौथ्या वेळी आमच्या वरिष्ठ तंत्रज्ञांनी एवढंच विचारलं, "फॉल्ट किती वाजता येतो, बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. नोंदी काढल्या, तर चारही वेळा ऐन गर्दीची दुपार, सगळ्या केबिन भरलेल्या. वर चढून पाहिलं तेव्हा कळलं, की एका रोलरचं रबरी लायनर झिजलंय. भार वाढला की दोर आणखी खाली बसायचा आणि सेन्सरपासूनचं त्याचं अंतर ठरलेल्या मर्यादेत राहायचं नाही. ज्याला बिघडलेलं ठरवून मी काढून टाकलं, तो सेन्सर आठवडाभर खरंच सांगत होता. तेव्हापासून मी उपकरण खरं बोलतंय असं धरूनच कामाला लागतो.

नव्या माणसाला सुरुवातीला सेफ्टी सर्किट छळतं. त्यातले संपर्क नेहमी जोडलेले असतात आणि त्यातून सतत करंट वाहतो. कुठेही तुटलं की रोपवे थांबतो. रचना मुद्दामच तशी आहे, वायर तुटली तरी यंत्रणा सुरक्षित बाजूलाच जावी म्हणून. पण त्यामुळे ढिला टर्मिनल, तुटलेली वायर आणि खरोखर घसरलेला दोर, तिन्हींचा परिणाम पॅनेलवर सारखाच दिसू शकतो. म्हणून आधी दोर आणि रोलर डोळ्यांनी बघून घ्या, मगच मल्टिमीटर काढा. आणि टॉवरवर चढण्यापूर्वी रोपवे कुलूपबंद करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. कंट्रोल रूमने वायरलेसवर "बंद केलाय" म्हटलं, एवढ्यावर चढू नका.

सर्किट कायमचं तुटलेलं असेल तर पहिल्या टॉवरपासून एकेक तपासत जाऊ नका. मधल्या टॉवरवर व्होल्टेज मोजा. तिथपर्यंत येत असेल तर बिघाड पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. मग त्या अर्ध्याच्या मध्यावर मोजा, आणि असंच निम्मं करत जा. सोळा टॉवर असले तरी चार मोजमापांत जागा सापडते.

अधूनमधून येणारे फॉल्ट मात्र असे सापडत नाहीत. सकाळी येणारा आणि ऊन चढल्यावर नाहीसा होणारा फॉल्ट असेल, तर मी आधी जंक्शन बॉक्स उघडतो. ढिल्या ग्लँडमधून, म्हणजे केबल बॉक्समध्ये शिरते तिथल्या सीलमधून, पाणी आत जातं, किंवा दव आतच साचतं. केबल बॉक्समध्ये वरून शिरत असेल तर पाणी तिच्यावरूनच ओघळत येतं. केबल खालून आणा, शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या. इन्सुलेशन मेगरने, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन तपासणाऱ्या मीटरने, तपासताना केबलची दोन्ही टोकं सोडवलेली हवीत. मेगरचे ५०० व्होल्ट इलेक्ट्रॉनिक कार्डात गेले, तर एका फॉल्टचे दोन होतील.

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती अलार्म न वाजवणाऱ्या बिघाडांची. वाऱ्याचा वेग मोजणारे सेन्सर बहुधा ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल देतात. शून्य वाऱ्यालाही ४ मिलिअँपिअर असल्याने वायर तुटली, करंट शून्यावर आला, की लगेच कळतं. ० ते ५० मीटर प्रतिसेकंद पल्ल्याच्या सेन्सरवर १२ मिलिअँपिअर म्हणजे २५ मीटर प्रतिसेकंद, हे गणित तोंडपाठ ठेवा. पण फिरत्या वाट्यांचं बेअरिंग घासलं, किंवा त्यांच्यावर बर्फ धरला, तर सिग्नल अगदी व्यवस्थित दिसतो आणि वारा मात्र कमी दाखवला जातो. यंत्रणेच्या दृष्टीने सगळं ठीक असतं. शेजारच्या टॉवरच्या आकड्याशी रोज ताडून पाहणं, हाच इथे तुमचा अलार्म.

बायपासबद्दल, म्हणजे सुरक्षा उपकरण वगळून रोपवे चालवण्याबद्दल, मी कडक बोलतो, आणि बोलतच राहीन. २३ मे २०२१ रोजी इटलीतल्या मोतारोने डोंगरावरच्या रोपवेचा ओढदोर (केबिन ओढणारा दोर) तुटला आणि १४ जण दगावले. केबिनचा आपत्कालीन ब्रेक बिघाडामुळे वारंवार आपोआप लागत होता, म्हणून तो धातूचा अडसर घालून उघडा धरून ठेवला होता. ओढदोर तुटला तेव्हा केबिनला धरायला काहीच उरलं नाही. "विनाकारण ट्रिप होतंय" हे वाक्य कानावर पडलं की मला ते आठवतं. बिघाड सापडेपर्यंत रोपवे बंद राहिला तर राहू द्या. वरून दबाव येईल, तरी बायपासवर सही करू नका.

प्रत्येक फॉल्टला वहीत वेळ, वारा, तापमान, भार आणि तुम्ही काय हलवलंत ते लिहा. त्यासोबत त्या क्षणी टॉवरवरून जाणाऱ्या केबिनचा क्रमांकही लिहा. बरेच जण तो सोडतात. वेगवेगळ्या टॉवरवर फॉल्ट येत असतील आणि प्रत्येक वेळी तीच केबिन जात असेल, तर टॉवर सोडा, ती केबिन खाली उतरवा आणि तिची ग्रिप, म्हणजे दोराला धरणारी पकड, तपासा.