परिपाठातला दिनविशेष: नव्या शिक्षकांसाठी

नाशिकच्या शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाकडे पहिल्या आठवड्यातच दिनविशेषाचा फळा येतो. जुन्या मंडळींना तो नको असतो, हे खरं कारण. मोबाइलवर तयार मजकूर मिळतोच: दहा जन्म, आठ मृत्यू, चार घटना. तो जसाच्या तसा वाचून दाखवला तर मुलं नुसती उन्हात उभी राहतात.

प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या यांतून दिनविशेषाच्या वाट्याला जेमतेम दीड मिनिट उरतं. तेवढ्यात एकच घटना घ्यावी. काय झालं, कुठे झालं, त्याआधी काय चाललं होतं आणि आज त्यातलं काय बघायला मिळतं, अशी चार वाक्यं पुरतात. २ मार्चला ‘काळाराम मंदिर सत्याग्रह, १९३०’ एवढंच लिहिलं तर ती नुसती नोंद राहते. मंदिर पंचवटीत आहे, अस्पृश्य मानलेल्यांना आत प्रवेश नव्हता आणि सत्याग्रहाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, हे सांगितलं की मुलांच्या डोक्यात काही राहतं. इथे एक घोटाळा नेहमी होतो. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रहही मार्चमधलाच, २० मार्च १९२७. घाईत दोन्ही एकमेकांत मिसळतात.

चुका बहुतेक तारखांतच होतात, आणि त्यांची कारणं ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे शक आणि इसवी सन. शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं. पण शक पाडव्याला बदलतो आणि सन जानेवारीत, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६. ७८ मिळवून १६७४, बरोबर. शिवजन्माची तिथी मात्र फाल्गुन वद्य ३, शके १५५१. इथे ७८ मिळवले की १६२९ येतं आणि बेधडक फळ्यावर चढतं. शासनमान्य तारीख १९ फेब्रुवारी १६३० आहे. फाल्गुन असल्यामुळे ७९.

दुसरं कारण, एकाच गोष्टीच्या दोन खऱ्या तारखा. ‘राजा हरिश्चंद्र’ २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईत निमंत्रितांना दाखवला गेला, सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी ३ मे रोजी लागला. ‘प्रदर्शित’ हा शब्द वापरायचा तर ३ मे. पुरस्कारांचंही तसंच: भालचंद्र नेमाडे यांचा ज्ञानपीठ २०१४ सालचा, पण जाहीर आणि प्रदान झाला २०१५ मध्ये. कोणतं साल लिहिलंय ते फळ्यावरच स्पष्ट करावं.

तिसरं, नावांची खिचडी. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, १ मे हा मराठी राजभाषा दिन. ‘मराठी राजभाषा गौरव दिन’ असा कोणताही दिवस नाही, तरी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या फलकावर तो सजतो. २७ फेब्रुवारीलाच कुसुमाग्रजांचा जन्म नाशिकचा ठरवून टाकतात. त्यांची कर्मभूमी नाशिक. जन्म पुण्याचा, १९१२.

वर्षभराचं वाटप आधीच करून ठेवावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये विषयांची रांग लागते, मेमधले सगळे दिवस सुट्टीत जातात. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, पण ३० एप्रिलचा जन्मदिवस ऐन परीक्षा-निकालांच्या गडबडीत येतो. त्यांच्यासाठी १६ फेब्रुवारी हा स्मृतिदिन राखावा; १९४४ साली ते नाशिकमध्येच वारले. पावसाळ्यातल्या मोकळ्या दिवशी तारखेचा अट्टहास नको. बटाटा, पाव, चावी हे शब्द पोर्तुगीजमधून आले, एवढ्यावर पाचवीचा वर्ग आनंदाने दीड मिनिट ऐकतो.

परिपाठातला प्रश्न असा हवा की उत्तर एकच निघेल. ‘पांडवलेणी कोणी कोरली?’ हा प्रश्न वाईट. ती २४ बौद्ध लेणी आहेत, वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या दात्यांनी कोरवून घेतलेली, आणि पांडवांशी त्यांचा नावापुरताच संबंध. ‘तिसऱ्या लेण्यातल्या शिलालेखात कोणत्या सातवाहन राजमातेचं दान नोंदलेलं आहे?’ असं विचारलं की उत्तर एकच: गौतमी बलश्री. जोडीला दहाव्या लेण्यातला क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात घेता येतो. सहलीला तीच लेणी दाखवली की आणखी बरं.

पडताळ्यासाठी दोन ॲप बघणं म्हणजे दोन आधार नव्हेत. दोघांनी बहुधा एकाच ठिकाणाहून उचललेलं असतं. मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे. शहरात १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. जिल्ह्यासाठी १८८३ चं नाशिक गॅझेटियर उपयोगी, पण त्यातली मतं त्या काळच्या साहेबांची आहेत हे धरूनच वाचावं. प्रत्येक तारखेला पोस्टकार्डाएवढं एक कार्ड करावं: पुढे चार वाक्यं, मागे पुस्तकाचं नाव आणि पान. पान लिहिलं नाही की पुढच्या वर्षी सगळा शोध पुन्हा पहिल्यापासून.

फळ्यावर पाच-सहा ओळींपेक्षा जास्त नको, अक्षर दोन इंचांहून लहान नको. खडू पाण्यात बुडवून लिहिला तर ओला असताना फिका वाटतो, वाळल्यावर उठून दिसतो; म्हणून परिपाठाच्या अर्धा तास आधी लिहून मोकळं व्हावं. अंक आणि जोडाक्षरं दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावीत. तरीही चूक गेलीच, तर नुसतं पुसू नये. तोवर पालकांच्या ग्रुपवर फोटो पोहोचलेला असतो. दुसऱ्या दिवशी त्याच जागी ‘दुरुस्ती’ असं लिहून बरोबर तारीख द्यावी आणि कार्डावरही तीच करावी.