रॅपचं प्री-वेडिंग करू नका: गाण्यांच्या व्हिडिओत होणाऱ्या चुका

कडोलीकडचा एक पोरगा रॅप घेऊन आला होता. गाण्यात काय, तर सुटलेलं कॉलेज, चुकलेली बस, हाताला काम नाही आणि गल्लीतल्यांचे टोमणे. आम्ही त्याला राजहंसगडावर नेला. मावळतीचा सूर्य, वरून ड्रोन, वाऱ्यावर उडणारं जॅकेट, सगळं स्लो मोशनमध्ये. व्हिडिओ दिसायला देखणा झाला. त्याच्याच मित्रानं तो बघितला आणि विचारलं, "अण्णा, भारी आलंय की, खरं नवरी कुठाय?"

(बेळगावाबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.)

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात गाण्यांचे व्हिडिओ करणारे आम्ही बरेच जण लग्नाच्या शूटिंगमधून आलोय. लग्नाचा धंदा एकच गोष्ट शिकवतो: जे समोर येईल ते गोड दिसलं पाहिजे. मग लावणी असो, अभंग असो, डीजेचं गाणं असो, आमचा हात आपोआप स्लो मोशनच्या बटणावर जातो. खालच्या बहुतेक चुका या एका सवयीच्या पोटच्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मी स्वतः केल्यात.

रॅप: पत्ता चुकला

रॅपमध्ये जागा म्हणजे गाणाऱ्याचा पत्ता. अमेरिकेत एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झाला आणि १९८८ साली त्याच वाहिनीवर रॅपसाठी 'यो! एमटीव्ही रॅप्स' हा वेगळा कार्यक्रम आला. रॅपच्या व्हिडिओत स्वतःची गल्ली आणि मागे उभे राहिलेले स्वतःचे दोस्त दिसतात, ते उगाच नाही. आपण कुठून बोलतोय हे दाखवल्याशिवाय त्या शब्दांना वजन येत नाही. नव्वदच्या दशकात हाइप विल्यम्स या दिग्दर्शकानं फिशआय लेन्सचा भरपूर वापर केला. त्या लेन्सनं गाणारा अंगावर आल्यासारखा वाटतो. गडावरच्या ड्रोनमध्ये तोच माणूस मुंगीएवढा होतो.

त्या पोराचं शूटिंग आम्ही पुन्हा केलं, त्याच्या मामाच्या वडगावातल्या गल्लीत. मागे मागाची खटखट, दारात बसलेली म्हातारी, कॅमेरा कमरेच्या उंचीवरून थोडा वर बघणारा, आणि पोरगा थेट लेन्समध्ये बघून बोलतोय. स्लो मोशन शून्य. रॅपमध्ये माल शब्दांचा असतो, ओठ सुस्तावले की शब्द मरतात. आणखी एक, जे आमच्या भागात सांगावंच लागतं: फ्रेममध्ये कन्नड पाटी आली म्हणून चांगला शॉट टाकून देऊ नका. पाटी कन्नड आणि तिच्याखाली उभा पोरगा मराठीत बोलतोय, हाच तर त्याचा पत्ता.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत

सगळ्यात जास्त फोन याच तक्रारीचे येतात. कारणं साधारण तीन.

पहिलं स्लो मोशनच. एडिटिंगची टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची आणि शूट सेकंदाला ५० फ्रेमनं, तर चित्र दुप्पट हळू होणार. म्हणून शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं आणि गाणाऱ्यानं त्याच वेगानं ओठ हलवायचे. घरी दहा वेळा सराव केल्याशिवाय हे जमत नाही. १०० फ्रेमला चौपट वेग लागतो, तिथे ओठ हलवायचा नादच सोडा, नुसती चाल किंवा नजर घ्या.

दुसरं कारण अंतर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. माळावर स्पीकर कॅमेऱ्याजवळ ठेवला आणि गाणारा ७० मीटरवर उभा केला, तर गाणं त्याच्या कानावर ०.२ सेकंद उशिरा पडतं. म्हणजे ५ फ्रेम. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, खरं खटकतं. छोटा स्पीकर गाणाऱ्याच्या पायाशी झुडपात लपवा. मग कॅमेऱ्यात जो आवाज रेकॉर्ड होईल तोच मागे पडलेला असेल, म्हणून एडिटिंगला त्याच्यावर विसंबू नका. प्रत्येक टेकच्या आधी गाणाऱ्याला गाण्याच्या ठेक्यावर टाळी वाजवायला लावा आणि ती डोळ्यांनी बघून जुळवा.

तिसरं कारण मोबाइल. बरेच फोन फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाहीत, त्यामुळे धृपदाला जुळलेलं तिसऱ्या कडव्याला सरकतं. एडिटला बसण्याआधी सगळ्या फाइल स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या.

लावणी: पाय कापले, नजर हुकली

'लावणीचं शूट आहे' एवढ्यावर कॅमेरा उचलायचा नाही. आधी विचारायचं, फडाची की बैठकीची?

फडाची असेल तर पायाची बोटं ते डोक्यावरचा पदर एका फ्रेममध्ये हवेत. ढोलकीचा तोडा सुरू झाला की तो संपेपर्यंत शॉट कापू नका. तोडा तिनं पूर्ण केला की नाही, हेच तर बघणारा बघत असतो. मध्येच कमरेचा क्लोजअप घुसवणारे एडिटर मला अजिबात आवडत नाहीत. त्यात शोभा नाही, आणि नाचही दिसत नाही. घुंगरांवर स्लो मोशन लावलं तर पाय एका लयीत आणि आवाज दुसऱ्या, असा विनोद होतो.

बैठकीची लावणी उलटी. बाई बसून अदा करते. भुवई, बोटं, पदराचं टोक, एवढ्यातच सगळं असतं. इथं क्लोजअप पाहिजे आणि कॅमेरा गप्प पाहिजे. मी एकदा हौसेनं बैठकीच्या लावणीला गिंबल (चालताना कॅमेरा हलू न देणारा दांडा) घेऊन गोल गोल फिरलो. घरी येऊन बघतो तर जिथे जिथे तिनं नजर टाकली होती, तिथे तिथे मी तिच्या पाठीमागे होतो. तीन तासांच्या शूटमध्ये कामाच्या नजरा दोन. त्या बाई पुढे एवढंच म्हणाल्या, "तुम्ही नाचत होता, मी बसले होते."

अभंग आणि पोवाडा: समूहाचं गाणं एकट्याचं केलं

रेशमी कुर्ता घातलेला एकटा गायक, मागे धुराचं मशीन, वरून निळा लाइट. हा अभंगाचा व्हिडिओ नव्हे, गायकाची जाहिरात झाली. वारकरी भजनात वीणेकरी, पखवाजवाला आणि टाळकरी हे सगळे मिळून गाणं असतं. चाल संथ सुरू होते आणि लय चढत जाते, तेव्हा कटही तसेच: सुरुवातीला लांब शॉट, शेवटी भराभर.

इथली हमखास चूक म्हणजे दुसऱ्या भजनाच्या शूटमधले टाळांचे शॉट जागा भरायला टाकणं. लय वेगळी असते, टाळ दिसतो एकीकडे आणि ऐकू येतो दुसरीकडे. कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले ते याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत. इथल्या गावागावांत भजनाला बसून कान तयार झालेली माणसं आहेत. त्यांना हे पहिल्या मिनिटाला कळतं आणि ती तोंडावर सांगतात.

पोवाड्यातही तेच. आमच्याकडे शिवजयंती वैशाखात, चित्ररथांच्या मिरवणुकीनं होते, त्यामुळे त्याआधी या कामांची घाई असते. घाईत शाहीर एकटा शूट होतो आणि 'जी जी रं जी' म्हणणारे झिलकरी फक्त आवाजात उरतात. शाहिरानं वळून त्यांच्याकडे बघितलं की ते झील धरतात, ती देवाणघेवाण दिसली पाहिजे. इंटरनेटवरून उचललेली घोड्यांची फौज मध्ये घालू नका. डफावरची थाप दाखवा, पुरते.

या दोन्ही प्रकारांचे रील कापताना उभ्या फ्रेममध्ये पहिला बळी कडेला उभ्या असलेल्या माणसाचा जातो. एका भजनात माझ्याकडून वीणेकरीच कापला गेला. मंडळानं व्हिडिओ परत पाठवला, आणि बरोबर केलं. रीलसाठी माणसं आडव्या रांगेत न ठेवता पुढे-मागे उभी करून वेगळा टेक घ्या.

डीजेचं गाणं

इथे फार डोकं चालवू नका. लोक एक स्टेप शोधत असतात, जी हळदीत नाचता येईल. यूट्यूबवर १ अब्ज वेळा बघितला गेलेला पहिला व्हिडिओ 'गंगनम स्टाइल', २१ डिसेंबर २०१२ ला त्यानं तो आकडा गाठला, आणि त्यातली घोड्यावर बसल्यासारखी स्टेप पोरांना अजून पाठ आहे. कोरियातल्या कंपन्या तर नाचाच्या सरावाचा वेगळा व्हिडिओ काढतात, कॅमेरा समोर आणि सगळी माणसं पायांसकट. तुमच्या गाण्यात निदान एकदा पूर्ण स्टेप न कापता दिसू द्या. चिकोडी-अथणीकडच्या कन्नड जनपद (म्हणजे लोकगीतांच्या) गाण्यांत सजवलेला ट्रॅक्टर दिसतो. तो रॅपमधल्या मोटारीच्या जागी आहे, त्याला हसू नका.

कोळीगीत राकसकोपला

हो, हेही झालंय. राकसकोपच्या धरणावर होडी, लुगडी, टोपल्या, सगळा थाट. पहिली कमेंट आली, "लाटा कुठं गेल्या?" कोळीगीताला भरती-ओहोटी, वाळू आणि खाऱ्या वाऱ्यात विस्कटलेले केस लागतात. वेंगुर्ल्याचा रस्ता बेळगावातूनच जातो. पहाटे निघा.

प्रेमगीत

इथे आमची प्री-वेडिंगची सवय कामाला येते. जांबोटीचा पाऊस, छत्री, स्लो मोशन, सगळं चालतं. फक्त चार मिनिटांत भेट, भांडण, अपघात, दवाखाना आणि फोटोला हार एवढं कोंबू नका. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ला १९८३ साली गोष्ट सांगायला जवळजवळ १४ मिनिटं लागली, आणि त्यासाठी गाणं मध्ये थांबवावं लागलं. आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत शिरायचं असेल तर आधी वनखात्याची परवानगी.

मेटल बँड

कमी येतात, खरं आले की मजा येते. उद्यमबागेतली रिकामी शेड मिळाली तर अर्धं काम झालं. या प्रकारात बँड वाजवताना दिसलाच पाहिजे, ड्रमरचे हात आणि गिटारवरची बोटं खऱ्या सुरांवर हवीत. वाजवणारी पोरं बोटं बघूनच ठरवतात की तुम्ही खरं वाजवताय की नाटक करताय. शेडमधल्या जुन्या ट्यूबलाइटखाली फ्रेमवर पट्टे सरकताना दिसले तर कॅमेरा बिघडलेला नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, शटर १/५० किंवा १/१०० वर आणा. तरीही पट्टे राहिले तर ट्यूब बंद करा आणि दार उघडा.