चौघांचं एक वायफाय: भांडण्याआधी या चुका टाळा

गेल्या चवथीला म्हापशातल्या आमच्या भाड्याच्या घरात मी एकटाच उरलो होतो. एक रूममेट कुडाळला, एक सावंतवाडीला, तिसरा पेडण्याला आपापल्या घरी गेलेला. संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला, तर दर मिनिटाला तिचा चेहरा थिजायचा. १०० एमबीपीएसची लाईन, वापरणारा मी एकटा, आणि तरी ही गत.

त्याआधीचे कित्येक महिने आम्ही तिघं पेडण्याच्या मित्राला बोल लावत होतो, कारण तो रात्री गेम खेळतो. राउटरचा पासवर्ड माझ्याकडे होता. मी त्याचा स्पीड १० वर बांधून टाकला आणि त्याला सांगितलंही नाही. आता तो तिकडे गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं गोळा करत होता आणि इथे कॉल तसाच तुटत होता.

शोधता शोधता आतल्या खोलीतला कंप्युटर सापडला. कुडाळचा मित्र सुट्टीच्या दिवशी लग्नाचे फोटो काढतो. त्याने मशीन चालू ठेवलं होतं आणि शेकडो जीबीचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढत होते. पेडण्याचा मित्र परत आला तेव्हा मी त्याची माफी मागितली. पुढचं सगळं त्या आठवड्यात मी जे शिकलो त्यातून लिहितोय.

फक्त डाउनलोडचा आकडा बघणं

ही सगळ्यात मोठी चूक. स्पीड टेस्ट केली, डाउनलोड ९५ आला, म्हणजे लाईन ठीक, असं आपण धरून चालतो. अपलोडकडे कुणी बघत नाही. आमचा अपलोड जेमतेम २० होता, आणि तो फोटोंनी काठोकाठ भरलेला.

अपलोड भरला की डाउनलोडही का अडतो, हे समजून घेण्यासारखं आहे. तुम्ही काहीही उतरवत असलात तरी ‘हा तुकडा मिळाला, पुढचा पाठव’ अशी छोटी पोच सतत वर जावी लागते. रायबंदर-चोडण फेरीचा धक्का डोळ्यांसमोर आणा. रांगेत पुढे सगळे ट्रक उभे आणि तुम्ही मागे स्कूटरवर. स्कूटरला जागा किती लागते? पण ट्रक चढेपर्यंत तिलाही थांबावंच लागतं. तुमच्या कॉलचा आवाज म्हणजे ती स्कूटर. मोडेममधली रांग अशी लांबलचक होण्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. जिम गेटिस या इंजिनिअरने २०१० च्या सुमारास आपल्या घरच्याच लाईनवर हा त्रास पाहून त्याला ते नाव दिलं.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ८.८.८.८ या पत्त्याला सतत पिंग लावा (ping -t 8.8.8.8), म्हणजे तिकडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसतं. घरात कुणी काही वापरत नसताना आकडा बघा, मग एक मोठी फाईल अपलोडला लावून परत बघा. आमच्याकडे १० मिलिसेकंदांचे ४०० च्या वर गेले. असं झालं तर मोठा पॅक घेऊन फारसा फायदा नाही. रांग आवरायला हवी.

राउटरमध्ये रांग आवरणारी ‘क्यूओएस’ किंवा ‘एसक्यूएम’ अशी सोय असेल तर ती चालू करा आणि खऱ्या मोजलेल्या स्पीडच्या ८५ ते ९० टक्के आकडा भरा. आम्ही अपलोडला १७ भरलाय. कमी का, असं सगळेच विचारतात. कारण त्यामुळे रांग कंपनीच्या मोडेममध्ये न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे कुणाला आधी सोडायचं हे राउटर ठरवू शकतो. हे काम करणारी एफक्यू-कोडेल ही पद्धत २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर ती फुकट मिळते. कनेक्शनबरोबर आलेल्या डब्यात पुष्कळदा ही सोय नसते. मग मुळाशीच हात घाला: गूगल ड्राइव्हच्या कंप्युटरवरच्या ॲपमध्ये अपलोडची मर्यादा घालता येते, आणि फोनमधला फोटो बॅकअप कामाच्या वेळी बंद ठेवता येतो.

चौघांना २५-२५ वाटून देणं

ऐकायला न्याय्य वाटतं. प्रत्यक्षात तिघं वेर्ण्याला ड्युटीवर असताना घरात असलेला चौथा २५ वरच अडकतो आणि ७५ वाया जातात. शिवाय कुणाला किती लागतं ते बघा. नेटफ्लिक्स एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस सुचवतं. व्हिडिओ कॉलला दोन-चार पुरतात. गेम खेळायला तर एखादाच लागतो, फक्त तो वेळेवर मिळाला पाहिजे. म्हणून रात्रीच्या गेमवर आम्ही घेतलेला आळ मुळातच चुकीचा होता.

खरा घास घेतात ती मोठी डाउनलोडं. साधा राउटर माणसं मोजत नाही. ढोबळमानाने प्रत्येक जोडणीला सारखा वाटा मिळतो. डाउनलोड मॅनेजर एका फाईलसाठी १६ जोडण्या उघडतो, तुमचा सिनेमा एकच. मग सतरातले सोळा वाटे त्याचे. जोडण्या दोनवर आणल्या की फरक लगेच दिसतो. ‘केक’ नावाची एसक्यूएमची पद्धत तर प्रत्येक डिव्हाइसला सारखा वाटा देऊ शकते, जोडण्या कितीही असोत. आणि कुणी वापरत नसेल तर त्याचा वाटा आपोआप दुसऱ्याला जातो. मला हीच वाटणी बरोबर वाटते.

६० जीबीचा गेम पूर्ण १०० च्या स्पीडने ८० मिनिटांत उतरतो. ४० ची मर्यादा घातली तर ३ तास २० मिनिटं. रात्री सगळे झोपल्यावर कुणाचं काय अडतं? स्टीममध्ये स्पीडची मर्यादा आणि अपडेटची वेळ दोन्ही ठरवता येतात.

चिऱ्याच्या भिंतींचा दोष माणसांवर ढकलणं

गोव्यातल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती जाड असतात. राउटर समोरच्या खोलीत, तोही टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटावर. आणि मागच्या खोलीतला बिचारा रेंजच्या एका काडीवर. इथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: वायफायची हवा सगळ्यांची एकच. लांबचा फोन कमकुवत सिग्नलवर हळूहळू बोलतो आणि तेवढा वेळ बाकीच्यांना गप्प बसावं लागतं. एकाची खराब रेंज सगळ्यांना भोवते.

म्हणून आधी केबल लावून मोजा. केबलवर ९५ आणि वायफायवर १२ येत असेल तर कस्टमर केअरला फोन करून उपयोग नाही. राउटर घराच्या मध्यावर, उंच जागी आणा. जवळच्यांनी ५ गिगाहर्ट्‌झ वापरावं, भिंतीपलीकडच्यांनी २.४, आणि २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच ठेवा. आम्ही मागच्या खोलीत लॅनची केबल नेली आणि पडून असलेला जुना राउटर, त्यातलं डीएचसीपी (डिव्हाइसना पत्ते वाटण्याचं काम) बंद करून, तिथे लावला. स्वस्तातला रिपीटर घेऊ नका. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे स्पीड निम्म्यावर येतो.

आणखी काही

महिनाअखेरीसच स्पीड पडत असेल तर कुणावर संशय घेण्याआधी पॅकची डेटा मर्यादा संपली का, ते ॲपमध्ये बघा. बऱ्याच पॅकना ३३०० जीबीची मर्यादा असते. राउटरच्या यादीतल्या प्रत्येक डिव्हाइसला मालकाचं नाव द्या. नवे फोन बदलता मॅक पत्ता (नेटवर्कवरची डिव्हाइसची ओळख) वापरतात आणि यादीत परके दिसू शकतात, तेव्हा घरच्या नेटवर्कपुरती ती सेटिंग बंद करा. शेजाऱ्याला पासवर्ड द्यायचाच तर गेस्ट नेटवर्कचा द्या. कनेक्शन ज्याच्या नावावर, चौकशी पहिल्यांदा त्याच्याच दारात येते.

आणि पासवर्ड एकट्याच्या मुठीत ठेवू नका. मी ठेवला होता, म्हणूनच मित्राचा स्पीड त्याच्या पाठीमागे कापणं मला इतकं सोपं गेलं. आता राउटरचा पासवर्ड आमच्या फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर आहे. त्याखाली लिहिलंय: सकाळी ९ ते संध्याकाळी ७ कॉलवाले आधी, फोटोंचा अपलोड रात्री १ ते ६, मोठी डाउनलोडं ११ नंतर. बदल करायचा तर आधी ग्रुपवर सांगायचं. कागदावर चौघांच्या सह्या आहेत.